टॅबलेट कोणता घ्यावा आणि कोणत्या परिसंस्थेत जावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅबलेट घेताना स्क्रीनचा आकार, बॅटरी आणि किंमत यांची तुलना सहज होते, कारण हे आकडे जाहिरातीतच दिलेले असतात. ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे ॲप स्टोअर, कंपनीचे क्लाउड आणि पेन-कीबोर्डसारखी जोडसाधने मिळून जी परिसंस्था तयार होते, तिचा विचार मात्र बहुधा खरेदी झाल्यावर सुरू होतो. पुढील प्रश्नोत्तरांत मुख्य भर या दुसऱ्या भागावर आहे.

आधी टॅबलेट निवडावा की आधी परिसंस्था?

आधी काम ठरवावे, मग त्या कामाचे ॲप, मग ते ॲप जिथे सर्वांत चांगले चालते ती परिसंस्था आणि शेवटी प्रत्यक्ष टॅबलेट. बहुतेक खरेदी नेमक्या उलट्या क्रमाने होते आणि नंतरच्या तक्रारींचे मूळही तिथेच असते. टॅबलेट चार-पाच वर्षांत बदलला जातो. त्यावर साठलेल्या वह्या, चित्रे, खरेदी केलेली ॲप्स आणि घरातल्यांची खाती मात्र पुढच्या टॅबलेटवरही हवी असतात.

यंत्र उत्तम असूनही परिसंस्था नसल्यामुळे ते वाया गेल्याची दोन ठळक उदाहरणे आहेत. एचपी कंपनीचा टचपॅड जुलै २०११ मध्ये विक्रीस आला. त्यावरील वेबओएस ही प्रणाली अनेक जाणकारांना आवडली होती, आणि उघडी ॲप्स खेळायच्या छोट्या पत्त्यांसारखी शेजारी-शेजारी मांडण्याची तिची रीत पुढे इतर प्रणालींतही दिसू लागली. तरीही विक्री सुरू झाल्यापासून सात आठवड्यांच्या आत एचपीने तो बंद करत असल्याचे जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत त्याचे ॲप स्टोअरही मिटले. दुसरे उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या सरफेस आरटीचे आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या या टॅबलेटची बांधणी देखणी होती आणि त्यावर विंडोज दिसत असे, परंतु लोकांकडे वर्षानुवर्षे असलेले विंडोजचे प्रोग्रॅम त्यावर चालत नसत. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला त्यापोटी ९० कोटी डॉलरची रक्कम हिशेबातून कमी करावी लागली. ज्यांनी हे टॅबलेट घेतले होते त्यांच्या हाती चांगली स्क्रीन उरली, पण त्या स्क्रीनवर करण्यासारखे काम उरले नाही.

सध्या निवड नेमकी कशाकशात करायची असते?

ठळकपणे पाहिल्यास तीन प्रवाह आहेत: ॲपलचे आयपॅडओएस, गूगलच्या सेवांसह येणारे अँड्रॉइड आणि मायक्रोसॉफ्टचे विंडोज. २०१० साली आलेला आयपॅड सुरुवातीची अनेक वर्षे आयफोनच्याच आयओएसवर चालत होता. २०१९ मध्ये त्याला आयपॅडओएस हे स्वतंत्र नाव मिळाले आणि तेव्हापासून त्याची वाटचाल हळूहळू संगणकाच्या दिशेने होत आहे.

अँड्रॉइडमध्ये मात्र एकाच नावाखाली बरीच भिन्नता आहे. सॅमसंगच्या टॅबलेटवर सॅमसंगची स्वतःची ॲप्स आणि डेक्ससारख्या (टॅबलेट संगणकासारखा वापरू देणाऱ्या) सोयी असतात. ॲमेझॉनचे फायर टॅबलेट अँड्रॉइडवरच आधारलेले आहेत, परंतु त्यांवर गूगलचे प्ले स्टोअर नसते. ह्युआवेवर अमेरिकेने मे २०१९ मध्ये निर्बंध घातल्यानंतर तिच्या नव्या टॅबलेटवर गूगलच्या सेवा येत नाहीत आणि कंपनीने हार्मनीओएस ही वेगळी वाट धरली आहे. ‘अँड्रॉइड टॅबलेट आहे’ एवढे उत्तर म्हणूनच अपुरे ठरते. त्यावर प्ले स्टोअर आहे का आणि जीमेल, नकाशे, बँकेचे ॲप नीट चालते का, हे स्वतंत्रपणे विचारले पाहिजे.

माझा फोन एका कंपनीचा आहे. टॅबलेट दुसऱ्या कंपनीचा घेतला तर चालेल का?

चालेल, पण काही सोयी सोडाव्या लागतील आणि त्यांची किंमत तुमच्यासाठी किती आहे हे तुम्हीच ठरवायचे आहे. आयफोन आणि आयपॅड सोबत असतील तर एअरड्रॉपने फाइल पाठवणे, एका यंत्रावर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर चिकटवणे, फोनचे कॉल टॅबलेटवर घेणे हे सगळे काही न जुळवता होते. मॅक संगणक असेल तर आयपॅड त्याची दुसरी स्क्रीन म्हणूनही वापरता येतो. सॅमसंगचा फोन, सॅमसंगचा टॅबलेट आणि विंडोज लॅपटॉप या त्रिकुटालाही अशाच बऱ्याच सोयी आहेत.

भिन्न कंपन्यांची यंत्रे एकत्र वापरायची असतील तर एक साधा नियम पाळावा: ज्या सेवा दोन्हीकडे सारख्या चालतात त्यांवरच आपली सामग्री ठेवावी. गूगल ड्राइव्ह, गूगल फोटोज, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स ही ॲप्स आयपॅडवर आणि अँड्रॉइडवर दोन्हीकडे आहेत. ॲपलच्या आयक्लाउड या क्लाउडचे ॲप अँड्रॉइडवर नाही. तिथे ब्राउझरमधून काम भागवावे लागते. घरात अँड्रॉइड फोन असताना आयपॅडवर सगळे काही ॲपलच्याच नोट्स आणि फोटोजमध्ये ठेवत गेल्यास काही महिन्यांत दोन वेगळे संसार तयार होतात, आणि मग हवी ती गोष्ट नेहमी दुसऱ्या यंत्रावर सापडते.

‘आयपॅडवर ॲप्स जास्त चांगली असतात’ हे अजूनही खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे, पण सरसकट नाही आणि पूर्वीइतके तर मुळीच नाही.

या फरकाला इतिहास आहे. ॲपलने सुरुवातीपासून आयपॅडसाठी वेगळ्या मांडणीची ॲप्स लिहायला विकसकांना प्रोत्साहन दिले. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये केवळ टॅबलेटसाठी अँड्रॉइड ३.० ही आवृत्ती आणली, परंतु नंतर टॅबलेटकडे तिचे बराच काळ दुर्लक्ष झाले आणि कित्येक अँड्रॉइड ॲप्स टॅबलेटवर फोनच्याच मांडणीत ताणून दिसत राहिली. मार्च २०२२ मध्ये मोठ्या स्क्रीनसाठी आलेल्या अँड्रॉइड १२एल या आवृत्तीपासून हे चित्र बदलू लागले. २०२५ च्या अँड्रॉइड १६ ने तर असा पवित्रा घेतला, की या आवृत्तीला लक्ष्य करून बनवलेल्या ॲप्सना मोठ्या स्क्रीनवर केवळ उभ्या मांडणीचा हट्ट सहसा धरता येणार नाही. विकसकांना काही काळाची सवलत आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. व्हॉट्सॲपचे आयपॅडसाठीचे ॲप येण्यास मे २०२५ उजाडले आणि इन्स्टाग्रामचे त्यानंतर सप्टेंबरमध्ये आले. इतकी वर्षे आयपॅडधारक ब्राउझर उघडून किंवा फोनचे ताणलेले ॲप वापरून वेळ मारून नेत होते. साधे कॅल्क्युलेटरसुद्धा ॲपलने आयपॅडवर २०२४ मध्ये दिले.

प्रश्न शेवटी विशिष्ट ॲपचा असतो. चित्रकलेसाठी प्रोक्रिएट हवे असेल तर टॅबलेटमध्ये आयपॅडखेरीज पर्याय नाही, कारण ते अँड्रॉइडवर किंवा विंडोजवर येतच नाही. व्हिडिओ संपादनासाठी फायनल कट प्रो हवे असेल तर तेही तसेच आहे. क्लिप स्टुडिओ पेंट किंवा लुमाफ्यूजन पुरेसे असेल तर दोन्ही दारे उघडी राहतात. केवळ वाचन, व्हिडिओ, ईमेल आणि व्हिडिओ कॉल एवढेच करायचे असेल तर ॲप्सच्या श्रेष्ठत्वाची चर्चा बाजूला ठेवावी. त्या कामांत आता फरक उरलेला नाही.

टॅबलेट लॅपटॉपची जागा घेऊ शकतो का?

काहींसाठी घेतो, आणि ज्यांच्यासाठी घेत नाही त्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळते. लेखन, वाचन, सादरीकरण, ऑनलाइन बैठका, हाताने टिपणे काढणे आणि फोटोंवर संस्करण करणे ही कामे टॅबलेटवर उत्तम होतात, काही तर लॅपटॉपपेक्षा सुखाने होतात. अडचण काही ठरावीक ठिकाणी येते, आणि ती आधीच माहीत असलेली बरी.

पहिली अडचण म्हणजे नावाने तेच पण प्रत्यक्षात वेगळे असलेले सॉफ्टवेअर. आयपॅडवरील आणि अँड्रॉइडवरील एक्सेलमध्ये नेहमीचे कोष्टक उत्तम चालते, परंतु कार्यालयीन फाइलींमध्ये असणारे व्हीबीए मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) तिथे चालत नाहीत. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटमध्ये १०.१ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनवर संपादन करण्यासाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी लागते, ही बाबही अनेकांना नंतर समजते. दुसरी अडचण एकावेळी अनेक खिडक्या उघडून काम करण्याची. सॅमसंगच्या डेक्समध्ये ही सोय जुनी आहे. आयपॅडवर २०२२ मध्ये स्टेज मॅनेजर आले, आणि सप्टेंबर २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये लहान-मोठ्या करता येणाऱ्या खिडक्या आणि वरची मेनूपट्टी मिळाल्यापासून हे काम खऱ्या अर्थाने सुसह्य झाले. तिसरी अडचण बाहेरच्या उपकरणांची: जुना स्कॅनर, बारकोड वाचणारे यंत्र, विशिष्ट डिजिटल स्वाक्षरीचे डाँगल अशा गोष्टींसाठी लागणारे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजसाठीच लिहिलेले असते.

अशी एखादी गोष्ट तुमच्या रोजच्या कामात असेल तर विंडोजवर चालणारा सरफेस प्रो किंवा तत्सम टॅबलेट विचारात घ्यावा. तिथे लॅपटॉपवरचे प्रोग्रॅम चालतात, बोटाने वापरायच्या चांगल्या ॲप्सचा मात्र तुटवडा आहे. स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असलेल्या नव्या विंडोज टॅबलेटमध्ये दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम अनुकरणाच्या थरातून (इम्युलेशनने) चालवले जातात आणि बहुतेक चालतातही. परंतु प्रिंटर-स्कॅनरसाठीचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) त्या प्रोसेसरसाठी स्वतंत्र लिहिलेले असावे लागतात. ते उपलब्ध आहेत का, हे उपकरणाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासूनच पुढे जावे.

खर्चाचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडावा. टॅबलेट, चांगला कीबोर्ड आणि पेन यांची बेरीज बऱ्याचदा एका चांगल्या लॅपटॉपपर्यंत पोहोचते. पेनाचा उपयोग होणार नसेल आणि टॅबलेट कायम कीबोर्डला जोडूनच राहणार असेल, तर माझ्या मते लॅपटॉपच घ्यावा.

पेनाने लिहायचे किंवा चित्रे काढायची आहेत. काय पाहावे?

पेन कुठल्याही टॅबलेटला चालतो, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. मऊ टोकाचा साधा पेन बोटाचेच काम करतो; त्याने सुबक लिहिता येत नाही आणि तळहात टेकला की रेघोट्या उमटतात. खरा पेन आणि टॅबलेटची स्क्रीन ही जोडी कंपनीने जुळवलेली असते.

ॲपलच्या बाजूला हा विषय विनाकारण गुंतागुंतीचा झाला आहे. पहिली ॲपल पेन्सिल २०१५ ची, दुसरी २०१८ ची, यूएसबी-सी पेन्सिल २०२३ ची आणि पेन्सिल प्रो २०२४ ची. यांपैकी कोणती कोणत्या आयपॅडला चालते याचे कोष्टक ॲपलच्या संकेतस्थळावर आहे आणि ते पाहिल्याशिवाय पेन्सिल घेऊच नये. उदाहरणार्थ, एम४ चिप असलेल्या आयपॅड प्रोला दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालत नाही. यूएसबी-सी पेन्सिल तुलनेने स्वस्त आहे, पण तिला दाब ओळखता येत नाही. टिपणे काढण्यास ती पुरते, रेषेची जाडी हाताच्या दाबाने बदलणाऱ्या चित्रकाराला ती पुरत नाही.

सॅमसंगच्या गॅलक्सी टॅब एस मालिकेत एस पेन खोक्यातच मिळतो, त्याला दाब कळतो आणि लिहिण्यासाठी तो चार्ज करावा लागत नाही. ज्यांना केवळ हस्तलिखित टिपणांसाठी टॅबलेट हवा आहे त्यांच्या अंदाजपत्रकात हा मोठा फरक पडतो. विद्यार्थ्यांनी या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे.

हाताने लिहिलेले टंकलिखित मजकुरात बदलून हवे असेल तर तुम्ही ज्या लिपीत लिहिता ती लिपी त्या ॲपला वाचता येते का, हे तपासावे. रोमन लिपी सगळीकडे ओळखली जाते. देवनागरीच्या बाबतीत तसे गृहीत धरू नये. दुकानात मांडलेल्या नमुन्यावर स्वतः चार ओळी, त्यातही जोडाक्षरे असलेल्या, लिहून पाहाव्यात.

टॅबलेटला अपडेट किती वर्षे मिळतात?

हा प्रश्न विचारणारे कमी असतात, आणि माझ्या दृष्टीने प्रोसेसरच्या वेगापेक्षा तो महत्त्वाचा आहे. अपडेट थांबले की टॅबलेट लगेच बंद पडत नाही. आधी सुरक्षेतील त्रुटी न बुजता राहतात, मग बँकेची आणि पैशांची ॲप्स जुनी प्रणाली नाकारू लागतात, आणि शेवटी ब्राउझरही संकेतस्थळे नीट उघडेनासा होतो.

आयपॅडचा अनुभव काळानुसार सुधारत गेला आहे. २०१० च्या पहिल्या आयपॅडला २०१२ मध्ये आलेले आयओएस ६ मिळाले नाही. २०१४ च्या आयपॅड एअर २ ला मात्र २०२१ च्या आयपॅडओएस १५ पर्यंत प्रत्येक आवृत्ती मिळाली, आणि २०१९ चा सातव्या पिढीचा साधा आयपॅड २०२४ च्या आयपॅडओएस १८ पर्यंत पोहोचला. अँड्रॉइडमध्ये कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार फार मोठा फरक आहे. सॅमसंगने २०२४ च्या गॅलक्सी टॅब एस१० मालिकेसाठी सात वर्षांचे आश्वासन दिले. त्याच बाजारात एकही मोठे अपडेट न मिळणारे टॅबलेटसुद्धा विकले जातात. कंपनीने लेखी आश्वासन दिलेले नसेल तर अपडेट मिळणार नाही असेच समजून निर्णय घ्यावा.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते याकडेही लक्ष हवे. ती बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षे जुने मॉडेल सवलतीत मिळत असेल तर त्या सवलतीतून ही गेलेली दोन वर्षे वजा करावीत. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत मोजणी ग्राहकाच्या बाजूने झुकवली आहे: मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीचे अपडेट उपलब्ध ठेवावे लागते आणि बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता राखावी लागते. हा नियम तुमच्या देशात लागू नसला तरी तुलनेसाठी मोजपट्टी म्हणून तो उपयोगी आहे.

किती स्टोरेज आणि किती रॅम घ्यावी?

वाचन आणि व्हिडिओसाठी १२८ जीबी पुरतात. चित्रे, व्हिडिओ संपादन किंवा मोठे गेम असतील तर २५६ जीबींपासून सुरुवात करावी. आयपॅडमध्ये मेमरी कार्ड घालता येत नाही, त्यामुळे खरेदीच्या वेळचा निर्णय अंतिम असतो; बाहेरची ड्राइव्ह जोडून फाइल हलवता येतात, पण ॲप्स तिथे ठेवता येत नाहीत. अनेक अँड्रॉइड टॅबलेटमध्ये मायक्रोएसडी कार्डाची जागा असते आणि चित्रपट, पुस्तके, फोटो तिथे सुखाने राहतात.

रॅमच्या आकड्यांची दोन परिसंस्थांमध्ये थेट तुलना करू नये, कारण दोन्ही प्रणाली स्मृती वेगळ्या पद्धतीने सांभाळतात. अँड्रॉइडमध्ये ४ जीबी रॅम आज काठावरची आहे. ६ किंवा ८ जीबी असल्यास टॅबलेट अधिक वर्षे सुसह्य राहतो.

अगदी स्वस्त अँड्रॉइड टॅबलेट घ्यावा का?

घेता येईल, परंतु तीन गोष्टी विचारून. पहिली, स्टोरेज ईएमएमसी प्रकारचे आहे की यूएफएस प्रकारचे. ईएमएमसी मंद असते आणि टॅबलेट भरत आला की त्याची मंदी प्रत्येक स्पर्शात जाणवते. दुसरी, वाइडवाइन एल१ आहे का. चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवा कॉपी रोखण्यासाठी ही प्रणाली वापरतात. टॅबलेटला केवळ एल३ दर्जा असेल तर स्क्रीन कितीही चांगली असली तरी चित्र कमी स्पष्टतेत दिसते. तिसरी, टॅबलेट गूगलकडून प्रमाणित आहे का. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये अगदी खाली हे प्रमाणपत्र दिसते. अनोळखी नावाच्या काही टॅबलेटवर मोठी रॅम आणि नवी अँड्रॉइड आवृत्ती असल्याचे सांगितले जाते, पण या तीनही प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. असा टॅबलेट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. नामांकित कंपनीचा मध्यम टॅबलेट किंवा साधा आयपॅड थोडा थांबून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

घरातले सगळे एकच टॅबलेट वापरणार आहेत. कोणता योग्य?

इथे अँड्रॉइड आणि विंडोज स्पष्टपणे पुढे आहेत. अँड्रॉइड टॅबलेटवर वेगवेगळ्या व्यक्तींची स्वतंत्र खाती ठेवण्याची सोय २०१२ च्या ४.२ आवृत्तीपासून आहे (एखादी कंपनी ती बंद ठेवते, म्हणून सेटिंग्जमध्ये खात्री करावी). आयपॅडवर अशी सोय केवळ शाळा-संस्थांनी व्यवस्थापित केलेल्या यंत्रांसाठी आहे. घरगुती आयपॅड आजही एकाच व्यक्तीचा असल्यासारखा वागतो. आईचे ईमेल, मुलाचा गेम आणि आजोबांची औषधांची यादी एकाच खात्यात एकत्र नांदतात, आणि कुणाचे काय पुसले गेले हे कळायला वेळ लागतो.

लहान मुलांसाठी कोणती परिसंस्था सुरक्षित?

ॲपलचे स्क्रीन टाइम, गूगलचे फॅमिली लिंक आणि ॲमेझॉनची किड्स सोय या तिन्हींमध्ये वेळेची मर्यादा, वयानुसार ॲप्स आणि खरेदीसाठी पालकांची परवानगी हे मूलभूत नियंत्रण आहे. निवड करताना पालकांच्या फोनकडे पाहावे. मुलाचा टॅबलेट आणि पालकांचा फोन एकाच परिसंस्थेत असेल तर परवानगीची विनंती थेट फोनवर येते आणि नियंत्रण प्रत्यक्षात वापरले जाते. तसे नसेल तर ते पहिल्या महिन्यानंतर विसरले जाते.

मी विकत घेतलेली ॲप्स, पुस्तके आणि टिपणे पुढे दुसऱ्या परिसंस्थेत नेता येतील का?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो टॅबलेट सोडताना नव्हे तर घेताना विचारला पाहिजे.

एकरकमी विकत घेतलेले ॲप एका स्टोअरमधून दुसऱ्या स्टोअरमध्ये जात नाही. तेच ॲप दुसरीकडे उपलब्ध असले तरी पुन्हा पैसे भरावे लागतात. वर्गणीचे तसे नाही: सेवेच्या स्वतःच्या खात्यावर घेतलेली वर्गणी सहसा कोणत्याही यंत्रावर चालते. म्हणून जिथे शक्य असेल तिथे वर्गणी ॲप स्टोअरमधून न घेता त्या सेवेच्या संकेतस्थळावरून घ्यावी. पुढे यंत्र बदलले तरी ती बदलण्याची, बंद करण्याची मोकळीक तुमच्या हातात राहते.

पुस्तकांमध्येही हाच भेद आहे. किंडलची आणि गूगल प्ले बुक्सची पुस्तके आयपॅडवरही वाचता येतात आणि अँड्रॉइडवरही. ॲपल बुक्समधून घेतलेली पुस्तके फक्त ॲपलच्या यंत्रांवर उघडतात. ज्यांचा ग्रंथसंग्रह डिजिटल आहे त्यांनी या एका गोष्टीचा विचार आधी करावा, कारण दहा वर्षांत जमवलेली पुस्तके मागे ठेवून निघणे कुणालाही जड जाते.

सर्वांत दुर्लक्षित भाग हस्तलिखित टिपणांचा. अनेक नोट्स-ॲप्स वही आपल्याच विशिष्ट स्वरूपात साठवतात. तिची पीडीएफ काढता येते, पण पीडीएफमध्ये लिखाण चित्रासारखे गोठते. त्यातील एखादी ओळ उचलून दुसरीकडे हलवणे किंवा शाईचा रंग बदलणे पुढे शक्य होत नाही. म्हणून नवे ॲप स्वीकारण्याआधी एक छोटी चाचणी करावी: दोन पानांची वही लिहावी, ती ॲपमधून बाहेर काढावी, दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. महत्त्वाच्या वह्यांची पीडीएफ प्रत आपोआप क्लाउडवर जाण्याची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी सुरू करावी.

फोटो आणि फाइलींच्या बाबतीत परिस्थिती बरीच चांगली आहे. गूगलची टेकआउट ही सेवा २०११ पासून सगळी सामग्री एकत्र उतरवून घेऊ देते आणि ॲपलच्या गोपनीयता पानावरूनही आपल्या सामग्रीची प्रत मागवता येते. मोफत क्लाउड जागा मात्र फार पुरत नाही: आयक्लाउड ५ जीबी देते, गूगल १५ जीबी. वर्षभरात ही जागा भरते आणि दरमहा पैसे सुरू होतात. परिसंस्थेच्या किमतीत हा मासिक खर्चही धरावा, कारण टॅबलेट पुढे विकला तरी तो सुरूच राहतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी पाहून टॅबलेट निवडावा का?

केवळ त्यासाठी नको. या सोयी वेगाने बदलत आहेत आणि त्यांतील बऱ्याच कोणत्याही टॅबलेटवर ॲप उतरवून किंवा ब्राउझरमधून मिळतात. प्रणालीतच अंतर्भूत असलेल्या सोयी हव्या असतील तर मॉडेल नीट पाहावे: ॲपल इंटेलिजन्सला ए१७ प्रो किंवा एम१ आणि त्यापुढील चिप लागते, त्यामुळे २०२५ मध्ये आलेल्या ए१६ चिपच्या साध्या आयपॅडवर ते चालत नाही.

वाय-फाय पुरेल की सिम असलेला घ्यावा?

फोनवरून हॉटस्पॉट देता येत असेल तर वाय-फाय पुरतो. प्रवासात नकाशे पाहणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, ते सिमच्या आयपॅडमध्येच असते. कित्येक अँड्रॉइड टॅबलेटमध्ये वाय-फायच्या मॉडेललाही जीपीएस मिळते.

मला फक्त वाचायचे आणि थोडे लिहायचे आहे. तरीही टॅबलेटच हवा का?

कदाचित नको. तासन्‌तास वाचणाऱ्याला कागदासारखी दिसणारी ई-इंक स्क्रीन अधिक सुखाची वाटते आणि तिची बॅटरी आठवड्यांच्या हिशेबाने चालते. किंडल स्क्राइब आणि रिमार्केबल यांवर पेनाने लिहिताही येते. ओनिक्स कंपनीची बूक्स नावाची ई-इंक यंत्रे अँड्रॉइडवर चालतात, त्यामुळे त्यांवर निरनिराळी वाचनाची ॲप्स घालता येतात. रंगीत चित्रांची पुस्तके, व्हिडिओ आणि वेगाने पाने चाळणे या गोष्टी तिथे जमत नाहीत किंवा कष्टाने जमतात.

वापरलेला टॅबलेट घ्यायचा किंवा जुना विकायचा असेल तर?

वापरलेला आयपॅड हा बऱ्याचदा चांगला सौदा असतो, कारण त्याला अपडेट दीर्घकाळ मिळतात. पण पैसे देण्याआधी तो आधीच्या मालकाच्या खात्यापासून मोकळा झाला आहे याची खात्री करावी. ॲपलच्या ॲक्टिव्हेशन लॉकमुळे आणि अँड्रॉइडच्या फॅक्टरी रीसेट संरक्षणामुळे, मूळ खात्याचा पासवर्ड मिळेपर्यंत पुसलेला टॅबलेटही सुरू होत नाही. विक्रेत्यासमोर टॅबलेट सुरू करून नव्याने सेटअप करावा, आणि जुन्या खात्याची विचारणा झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा. त्याच वेळी बॅटरीची स्थिती, पेनाची स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांतील साथ आणि सेटिंग्जमध्ये दिसणारी प्रणालीची आवृत्ती पाहून घ्यावी.

स्वतःचा टॅबलेट विकताना आधी सामग्रीची प्रत काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडते का हे पाहावे. मग ‘फाइंड माय’ ही हरवलेले यंत्र शोधण्याची ॲपलची सोय बंद करावी किंवा गूगल खाते काढून टाकावे, आणि त्यानंतरच टॅबलेट पुसावा. ॲप स्टोअरमधून सुरू असलेल्या वर्गण्या टॅबलेट पुसल्याने थांबत नाहीत. त्या खात्यात जाऊन वेगळ्याने बंद कराव्या लागतात.